पाण्याकडे टोके असलेल्या चपला

मार्लीस टेम्पर्ली पाण्याला भीत असे, आणि तरीही तिचा एकही दिवस पाण्यावाचून जात नसे. झुरिकच्या सरोवराच्या पूर्व काठाने झोलिकोनकडे जो रस्ता जातो, त्याच्या खाली एक जुनी दगडी भिंत आहे. भिंतीला पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. एका टोकाला होड्यांची लाकडी शेड आहे आणि दुसऱ्या टोकाला पिण्याच्या पाण्याचे दगडी कारंजे आहे. तेथे पोहायला पैसे पडत नाहीत. ज्या शहरात कॉफी मागवण्याआधी माणूस खिशाची परवानगी घेतो, त्या शहरात मार्लीससारख्या बाईला एवढी एकच चैन परवडत होती.

ती मूळची ट्योस नदीच्या खोऱ्यातली. वडिलांच्या चार गाई होत्या आणि उतारावरचे थोडेसे कुरण होते. तिची आई म्हणत असे, "पाण्याला वासे नसतात." घर कोसळू लागले तर धरायला वासा तरी सापडतो, पाण्यात तोही नाही, असा त्या म्हणण्याचा अर्थ होता. ही म्हण मार्लीसच्या हाडात मुरलेली होती. सतराव्या वर्षी ती शहरात आली आणि एका मोठ्या हॉटेलच्या इस्त्रीखान्यात लागली. देशोदेशीच्या श्रीमंतांच्या चादरी तिने जन्मभर सरळ केल्या. सरोवर हॉटेलच्या पुढच्या बाजूला होते आणि इस्त्रीखाना मागच्या बाजूला. त्यामुळे पाणी कधी समोर आले नाही आणि भीतीही कधी अंगावर आली नाही.

नवरा वारला, गुडघे कुरकुरू लागले आणि डॉक्टरांनी पोहायला सांगितले, तेव्हा ती पन्नाशी उलटलेली होती. नोल्डी नावाच्या ट्रामचालकाने तिला भिंतीशेजारी हातपाय मारायला शिकवले. तेव्हापासून ती रोज पोहत असे, पण भिंतीला समांतर, दगडाला हात पोचेल एवढ्याच अंतरावर. नोल्डी तिला म्हणे, "मार्लीस, तू पोहत नाहीस, तू भिंत पुसतेस." तिच्या मते ज्याला भीती वाटते त्याने भीतीशी हुज्जत घालू नये, तिला सोबत घेऊन काम करावे.

या भिंतीवर पोहणाऱ्यांचा एक रिवाज होता. पाण्यात उतरणाऱ्याने आपले बूट भिंतीच्या कडेला ठेवायचे, टाचा रस्त्याकडे आणि टोके पाण्याकडे. बाहेर आलेल्याने ते लगेच पायात घालायचे. जोपर्यंत एखादा जोड पाण्याकडे तोंड करून उभा आहे, तोपर्यंत कोणीतरी आत आहे, आणि तोपर्यंत शेवटच्या माणसाने घरी जायचे नाही. शरद ऋतूत सरोवरावर धुके उतरले की याला आणखी एक गोष्ट जोडली जाई. धुक्यात चार हात मारल्यावर काठ कोणता आणि खोल पाणी कोणते हे कळेनासे होते. म्हणून मार्लीसने वडिलांच्या गोठ्यातली मोठी घंटा आणून शेडमधल्या खुंटीला अडकवली होती. धुके असेल त्या दिवशी ती पाण्यात उतरत नसे. पायरीवर उभी राहून ती घंटा हलवत राही आणि पोहणारे त्या आवाजाच्या दिशेने परत येत. डोंगरात गाईच्या गळ्यात घंटा असते आणि धनी तिच्या मागे जातो. येथे घंटा जागेवर असे आणि माणसे तिच्या मागे येत.

रस्त्यापलीकडच्या बंगल्यात राहणाऱ्या वुंडर्ली नावाच्या गृहस्थांना मात्र हा आवाज सोसवत नसे. एका सकाळी ते झोपेच्या कपड्यांवर ओव्हरकोट चढवून खाली आले होते.

"फ्राऊ टेम्पर्ली, मी गुरांच्या बाजारात घर घेतलेलं नाही."

"हेर वुंडर्ली, माणसं पाण्यात आहेत."

"ती असतील तेवढा वेळ वाजवा. पण शेवटचा माणूस वर आला की पुढे एक ठोकासुद्धा नको. एवढं तरी कराल?"

मार्लीसने शब्द दिला. त्या दिवसापासून भिंतीवरचा शेवटचा जोड उचलला गेला की ती त्याच क्षणी घंटेची जीभ मुठीत धरत असे. दिलेल्या शब्दाला ती इस्त्रीच्या घडीइतकी जपत होती.

ऑक्टोबरमधल्या एका निरभ्र दुपारी ती भिंतीवर आली, तेव्हा एक परकी मुलगी कारंज्यात सदरा धूत होती. शेजारी तिच्याहून रुंद अशी सॅक उभी होती आणि पायात चिखलाने माखलेले डोंगरी बूट होते.

"कारंज्यात कपडे धुवायचे नसतात," मार्लीस म्हणाली. "लोक पितात ते पाणी."

मुलगी दचकली. "चुकलं. खालच्या छोट्या कुंडीत धुऊ का?"

"ती कुत्र्यांची आहे."

"मग ती चालेल. परवापासून या शहरात मला कुत्र्यांच्याच रांगेत उभं केलंय सगळ्यांनी."

मार्लीसला हसू आले. मुलीचे नाव काद्री होते. ती एस्टोनियातल्या एका बेटावरची होती, शाळेत शिकलेले जर्मन तोडके पण स्वच्छ बोलत होती, आणि मिळेल त्या वाहनाने व उरलेल्या वाटेवर पायी दक्षिणेकडच्या समुद्राला निघाली होती. वाटेत जे पाणी लागेल त्यात एकदा तरी पोहायचे, असा तिचा नेम होता. स्टेशनाजवळच्या एका वसतिगृहात, एका खोलीत आठ पलंग असतात तसल्या खोलीत, ती राहत होती.

"तिथल्या पलंगाच्या भाड्यात आमच्याकडे आठवडाभर जेवता येईल," काद्री म्हणाली. "तुम्ही लोक इथे जगता तरी कसे?"

"संध्याकाळी जगतो. दुकान बंद व्हायच्या आधी पावावर लाल चिठ्ठी चिकटवतात, अर्ध्या किमतीची. ती लागेपर्यंत दुसरंच काहीतरी बघत उभं राहायचं. पाणी कारंज्याचं प्यायचं, विकत घ्यायचं नाही. आणि आंघोळ इथे."

"आणि झोप?"

"झोप महाग आहे. ती आम्हालाही परवडत नाही."

मग तिने काद्रीला बुटांचा रिवाज समजावून सांगितला, आणि तिच्या स्वभावाप्रमाणे जरा दरडावूनच सांगितला. घंटेबद्दलही सांगितले. "घंटा ऐकू येतेय तोवर काठ जागेवर आहे असं समजायचं."

"आणि बूट ठेवायला विसरले तर?"

"तर आमच्या लेखी तू पाण्यात नाहीसच."

काद्रीने मान डोलावली. तिने बूट काढले, टोके पाण्याकडे करून ठेवले, मार्लीसकडे पाहून ते आणखी थोडे सरळ केले आणि ती पाण्यात शिरली. तिचे पोहणे पाहून मार्लीसने भिंतीची कड हाताने धरली. मुलगी भिंतीकडे पाठ करून सरळ आत जात होती, जणू दुसऱ्या काठावर तिचे घर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाट धुके होते. मार्लीस नेहमीप्रमाणे सर्वांच्या आधी आली. पायऱ्यांपैकी वरच्या तीन दिसत होत्या, त्याखाली नुसते पांढरे होते. पाण्याचा आवाज येत होता, पण पाणी दिसत नव्हते, आणि न दिसणारे पाणी तिला दिसणाऱ्या पाण्यापेक्षा नेहमीच अधिक जवळ आल्यासारखे वाटत असे. ती कारंज्याकडे गेली. तेथे भिंतीच्या अगदी टोकाला पट्ट्याच्या दोन जुन्या चपला होत्या. रात्री तरुण मंडळी तेथे बिअर पीत बसत आणि काहीबाही विसरून जात. त्या शहराची अशी शिस्त आहे की सापडलेली वस्तू कोणी घेत नाही आणि जमिनीवर पडूही देत नाही. हातमोजा असो की टोपी, दिसली की उचलून जवळच्या खांबाला किंवा कठड्याला डोळ्यांच्या उंचीवर टांगतात, म्हणजे धन्याला ती लांबून दिसते. मार्लीसने चपला उचलल्या, त्यांचे पट्टे एकमेकांत अडकवले आणि रस्त्याकडच्या लोखंडी कठड्यावर टांगल्या. हे तिने इतक्या सवयीने केले की हाताचे काम मनाला कळलेच नाही.

थोड्या वेळाने नोल्डी आणि आणखी तिघे आले. चार जोड पायऱ्यांजवळ उभे राहिले आणि चौघे पांढऱ्यात नाहीसे झाले. मार्लीस घंटा हलवू लागली. सावकाश, एकसारखी, गाय चरताना वाजते तशी. एकेक करून चौघे परत आले, तांबडेलाल होऊन, धापा टाकत. चार जोड पायांत गेले. भिंत रिकामी झाली. मार्लीसने घंटेची जीभ मुठीत धरली आणि सरोवरावर शांतता पसरली.

"चल, कॉफी प्यायला," नोल्डी म्हणाला. "माझ्या घरी. तुझ्यासाठी वेणीसारखा गुंफलेला पाव ठेवलाय, कालचा आहे, पण तूही कालचीच आहेस."

"तुम्ही व्हा पुढे. घंटा ठेवून येते."

ते गेले. त्यांचे बोलणे धुक्यात विरले. मार्लीस शेडमध्ये गेली, खुंटीला घंटा अडकवली आणि वळणार तोच तिचा पाय कशाला तरी लागला. होडीच्या मागे, सहज कोणाला दिसू नये अशा रीतीने, एक सॅक ठेवलेली होती. तिच्यावर ते चिखलाचे डोंगरी बूट नाड्यांनी बांधलेले होते. वरच्या कप्प्यातून अर्धा पाव डोकावत होता आणि त्याच्या कागदावर लाल चिठ्ठी होती.

पहिल्या क्षणी मार्लीसला बरे वाटले, की मुलीने पावाबद्दलचे आपले ऐकले. दुसऱ्या क्षणी तिची नजर पुन्हा बुटांवर गेली. बूट येथे बांधलेले आहेत. मग मुलगी येथवर काय घालून आली?

त्या चपला तिला आता डोळ्यांपुढे दिसल्या, हाताने उचलण्याआधी होत्या तशा. विसरलेल्या वस्तू वेड्यावाकड्या पडलेल्या असतात. त्या चपला पडलेल्या नव्हत्या, ठेवलेल्या होत्या. एकीशेजारी एक, टाचा रस्त्याकडे, टोके पाण्याकडे. कोणीतरी त्या वाकून सरळ केल्या होत्या. मार्लीसने काल दरडावून शिकवलेला रिवाज त्या मुलीने अक्षरशः पाळला होता, आणि तो मोडला होता शिकवणारीनेच.

शेडच्या दाराला धरून ती क्षणभर उभी राहिली. याहूनही वाईट गोष्ट तिला आता सुचली. मुलगी तिच्याही आधी पाण्यात उतरली होती. मग घंटा सुरू झाली. घंटा ऐकून मुलीने काय केले असेल? घंटा आहे तोवर काठ जागेवर आहे, असे तिला कालच सांगितले गेले होते. ती निर्धास्तपणे आणखी आत गेली असेल. आणि मग घंटा थांबली.

मार्लीसने खुंटीवरून घंटा ओढली आणि ती पायऱ्यांकडे धावली. गुडघ्यांनी तक्रार केली, ती तिने ऐकली नाही. ती वाजवू लागली. एका हाताने घंटा आणि दुसऱ्या हाताने मोबाईल, अशा स्थितीत तिने पोलिसांना फोन लावला. फोनवर जलपोलिसांची एक बाई आली. तिचा आवाज शांत होता.

"तिला पाण्यात उतरताना कोणी पाहिलं?"

"नाही."

"मग ती पाण्यात आहे हे कशावरून?"

"चपलांवरून. तिने काठावर चपला ठेवल्या होत्या."

"चपला अजून काठावर आहेत का?"

मार्लीसने मागे वळून पाहिले. कठड्यावर त्या दोन चपला पट्ट्यांना लोंबकळत होत्या आणि त्यांची टोके जमिनीकडे झाली होती.

"नाही," ती म्हणाली. "मी उचलून वर टांगल्या. मला वाटलं कोणीतरी विसरलंय."

पलीकडची बाई कोणाशी तरी बोलली. "बोट निघतेय. धुकं आहे, हळूच यावं लागेल. घंटा थांबवू नका. ती आम्हालाही लागेल."

मार्लीसने फोन पायरीवर ठेवला आणि घंटा दोन्ही हातांनी धरली. "काद्री," तिने हाक मारली. हाक धुक्यात शिरली आणि तेथेच बसली. घंटेचा आवाज तरी पुढे जात होता. तो कोठवर जात होता हे मात्र कोणी सांगू शकत नव्हते. तिला गोठ्यातले ते दिवस आठवले, जेव्हा डोंगरावर धुके पडे आणि वडील घंटेच्या मागे निघत. एकदा घंटा वाजायची थांबली होती. वडील रात्रभर बसून राहिले होते, आणि सकाळी गाय दरीत सापडली होती. ही आठवण तिने मनातून हुसकावली, पण ती दाराशी बसूनच राहिली.

तेवढ्यात आत, पांढऱ्याच्या पोटात, भोंगा वाजला. प्रवासी बोट शहराकडे निघाली होती. एवढ्या मोठ्या बोटीला धुक्यात माणसाचे डोके दिसेल का? भोंगा पुन्हा वाजला, या वेळी जवळून, आणि त्याच्या घुमण्यात घंटेचा आवाज पार बुडून गेला. ती जोराने घंटा हलवू लागली. भोंगा दूर गेला. बोटीच्या लाटा बऱ्याच वेळाने भिंतीवर येऊन आदळल्या, आणि प्रत्येक लाटेबरोबर काय येईल या भीतीने ती डोळे मिटून घेत होती आणि पुन्हा उघडत होती.

"फ्राऊ टेम्पर्ली." मागे वुंडर्ली उभे होते, ओव्हरकोट घालून. "सगळे गेल्याचं मी खिडकीतून ऐकलं. आपला करार होता."

"एक मुलगी आत आहे," मार्लीस म्हणाली. तिने वाजवणे थांबवले नाही. "मी तिच्या चपला उचलल्या. मग घंटा थांबवली. तुम्हाला शब्द दिला होता ना, म्हणून लगेच थांबवली."

वुंडर्लींनी कठड्याकडे पाहिले, मग पाण्याकडे पाहिले. त्यांचा चेहरा बदलला. "तुमचे हात थरथरतायत," ते म्हणाले. "इकडे द्या."

त्यांनी घंटा घेतली आणि घाईघाईने वाजवू लागले.

"हळू," मार्लीस म्हणाली. "असं वाजवलंत तर तिला वाटेल आग लागलीय. गाय चरते तसं वाजवा."

"मी गाय कधी पाळलेली नाही."

"मग माझ्या मानेकडे बघा." आणि ती मानेने ठेका देऊ लागली. वुंडर्ली तिच्या मानेकडे बघत वाजवत राहिले.

घंटा पुन्हा सुरू झालेली ऐकून नोल्डी पळत परत आला. त्याच्या ओठाला पावाचा कण चिकटलेला होता. "काय झालं? आपले सगळे जोड तर गेले." मार्लीसने त्याला एवढेच सांगितले, की एक सॅकवाली मुलगी आत आहे. नोल्डीने एरवी अशा वेळी काहीतरी चावरे म्हटले असते. त्या दिवशी त्याने कोट काढला, शेडमधली होडी ओढण्याची लांब काठी आणली आणि तो पायऱ्यांवर आला.

हात मोकळे झाल्यावर मार्लीसला नुसते उभे राहवेना. ती पायऱ्या उतरू लागली. धुक्याच्या दिवशी ती कधी पाण्याला शिवली नव्हती. पाणी घोट्यांना लागले, गुडघ्यांना लागले, कमरेला लागले. स्कर्ट तिच्याभोवती फुगला. पायऱ्यांना जी लोखंडी साखळी आहे ती तिने डाव्या हाताने धरली होती. कान पाण्याजवळ नेला तर काही ऐकू येईल, एवढीच तिची आशा होती.

आधी काही ऐकू आले नाही. मग खोकला ऐकू आला.

तो घंटेच्या समोरून आला नाही. तो शेडच्या बाजूने आला, बराच डावीकडून, आणि पाण्याच्या अगदी पातळीवरून. "इकडे," मार्लीस ओरडली. "काद्री, इकडे. माझ्या आवाजाकडे." पुन्हा खोकला आला, पण तो दूर गेल्यासारखा वाटला. मुलगी भिंत ओलांडून पुढे, शेडपलीकडच्या खोल पाण्याकडे चालली होती. धुक्यात एक काळसर गोळा दिसला आणि पुसला गेला. साखळी सोडली असती तर मार्लीस तिच्यापर्यंत दहा-बारा हातांत पोचली असती. तिने सोडायचे ठरवले. मन साखळीवरून सुटले, पण बोटे सुटली नाहीत. ती आपल्याच मुठीकडे पाहत राहिली, जणू ती मूठ दुसऱ्या कोणाची होती. तिच्या आईची असावी.

"नोल्डी," ती म्हणाली. "डावीकडे. शेडच्या कोपऱ्यावर. मला सुटत नाहीये."

नोल्डी तिच्याजवळून धप्पकन पाण्यात गेला. काठी पाण्यावर आपटल्याचा आवाज आला, मग त्याच्या शिव्या ऐकू आल्या, मग दोन माणसांच्या श्वासांचा आवाज. मार्लीसला काही दिसत नव्हते. वुंडर्लींची घंटा चालूच होती. मग नोल्डी धुक्यातून बाहेर आला. एका हाताने तो काठी ओढत होता आणि काठीच्या दुसऱ्या टोकाला काद्री लोंबत होती. तिचे ओठ निळे पडले होते आणि डोळे उघडे होते.

तिघांनी मिळून तिला वर घेतले. नोल्डीने तिचे अंग टिपले. वुंडर्लींनी स्वतःचा ओव्हरकोट तिच्यावर घातला आणि ते थंडीत पायजम्यावर उभे राहिले. मुलगी इतकी कापत होती की दात वाजण्याचा आवाज येत होता, आणि तो आवाज ऐकून मार्लीसला जरा धीर आला, कारण जो कापतो तो जिवंत असतो.

"घंटा," काद्री म्हणाली. शब्द तुटत होते. "घंटा थांबली. मला वाटलं, काठच गेला. मी जागेवरच राहिले. मग बोट आली. मी पळाले तिच्यापासून. मग कुठे जायचं ते कळेना."

"या सॅकवाल्यांना अक्कल कधी येणार?" नोल्डी म्हणाला. तो स्वतः थरथरत होता आणि घाबरून गेलेला माणूस रागावतो तसा रागावला होता. "फुकट पोहायचं ते पोहा. पण निदान सांगून तरी जा ना."

काद्रीने मान वळवली. भिंतीच्या त्या टोकाकडे, कारंज्यापाशी, तिची नजर गेली. तेथे नुसते ओले दगड होते. "मी ठेवल्या होत्या," ती म्हणाली. "टोकं पाण्याकडे. माझ्या चपला कुठायत?"

वुंडर्लींनी मार्लीसकडे पाहिले आणि लगेच दुसरीकडे पाहिले. मार्लीसला एक क्षणभर असे वाटले की आपण काहीच बोलू नये. मग तिने कठड्याकडे बोट केले.

"तिचं काही चुकलं नाही, नोल्डी. मी टांगल्या. तिच्या चपला मी उचलून टांगल्या आणि मग घंटा बंद केली."

काद्री त्या लोंबत्या चपलांकडे बराच वेळ पाहत राहिली. "पण तुम्हीच सांगितलं होतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. नुसते आश्चर्य होते, आणि मार्लीसला ते रागापेक्षा अधिक लागले.

जलपोलिसांची बोट धुक्यातून सावकाश आली आणि काद्रीला इस्पितळात घेऊन गेली. मार्लीस ओल्या स्कर्टनिशी ट्रामने मागोमाग गेली, पाठीवर ती अवजड सॅक आणि हातात त्या चपला. तिसऱ्या प्रहरी काद्रीला सोडले, तेव्हा मार्लीस तिला आपल्या दोन खोल्यांच्या घरी घेऊन आली. वसतिगृहातला पलंग दुसऱ्या कोणाला गेलेला होता आणि झोप महाग होती. काद्री दोन रात्री मार्लीसच्या सोफ्यावर झोपली. मार्लीस झोपली नाही. तिच्या कानात घंटेचे थांबणे वाजत होते. आवाज कानात राहतो हे तिला ठाऊक होते, शांतताही राहते हे नवीनच होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आकाश निरभ्र होते. पलीकडचे डोंगर बर्फाच्या कडांसह स्वच्छ दिसत होते. काद्रीने सॅक भरली. तिला दुपारी निघायचे होते.

"जायच्या आधी एकदा पाण्यात उतरते," ती म्हणाली.

मार्लीसने कप खाली ठेवला. "कशाला? एकदा झालं ना पोहून?"

"आज नाही उतरले तर पुढच्या पाण्यातही उतरणार नाही. मला माझं कळतं."

दोघी भिंतीवर आल्या. नोल्डी आधीच तेथे बसून अंग पुसत होता. काद्रीने चपला काढल्या, भिंतीच्या कडेला ठेवल्या, टाचा रस्त्याकडे, टोके पाण्याकडे. मग तिने मार्लीसकडे पाहिले. "या वेळी हलवू नका हं, मार्लीस," ती म्हणाली, आणि पाण्यात शिरली.

मार्लीस चपलांशेजारी जमिनीवर बसली. तिने डाव्या हाताचा तळवा त्या दोन्ही चपलांवर ठेवला आणि उजव्या हाताने शेडमधून आणलेली घंटा हलवू लागली. सरोवर आरशासारखे होते. काद्रीचे डोके दूर असूनही स्पष्ट दिसत होते. काठ तर जगाला दिसत होता.

"मार्लीस, धुकं कुठाय?" नोल्डी म्हणाला. "उन्हाला वाट दाखवतेस का?"

"तू तुझं अंग पूस."

"वुंडर्ली येईल आता खाली."

दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, हे खरे. पण मार्लीस त्या सकाळी फुंकत नव्हती. ती घाबरलेली होती, आणि उजेडाने ती भीती कमी होत नव्हती. वर बंगल्याची खिडकी उघडली. वुंडर्ली तेथे उभे होते. त्यांनी पाण्याकडे पाहिले, भिंतीवर बसलेल्या बाईकडे पाहिले, आणि खिडकी उघडी ठेवून ते आत गेले.

काद्री वळली आणि परत येऊ लागली. मार्लीसची नजर तिच्यावरून हलली नाही. मुलगी पायऱ्यांवर आली, साखळी धरून वर चढली, पाणी निथळत भिंतीजवळ येऊन उभी राहिली आणि तिने पाय पुढे केला. तेव्हाही मार्लीसचा हात चपलांवरच होता. काद्रीला तिची बोटे एकेक करून बाजूला करावी लागली.